दोन बायकांचा पहिला अल्बम

कन्ट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून वर आलेलं गाणं. त्यातल्या बायकांच्या जोड्यांचा विषय निघाला की जड्सचं नाव येतंच. नेओमी आणि वायनोना, मायलेकी. 1984 च्या सुरुवातीला त्यांची सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड आली आणि त्याच वर्षी 'व्हाय नॉट मी' हा पहिला पूर्ण अल्बम. त्याआधी नेओमी नर्सची नोकरी करायची. घरी दोघी मिळून गायच्या आणि स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरवर टेप करून ठेवायच्या. नेओमीने हॉस्पिटलात जिची शुश्रूषा केली त्या मुलीचे वडील ब्रेंट मेहर हे रेकॉर्ड प्रोड्यूसर निघाले. टेप त्यांच्याकडे पोचली आणि पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि बीडचा काय संबंध? सांगतो.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, पोटापाण्यासाठी पुण्यात. मला प्रश्न पडला की आमच्याकडची अशी पहिली जोडी कोणती? शोधायला फार लांब जावं लागत नाही. ती जात्यावर बसलेली असते! एक जातं, एक खुंटा आणि समोरासमोर दोघी. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय, नाहीतर शेजारणी. एकटीनेही दळता येतं, पण दोघींनी ओढलं की जातं हलकं जातं. एका हाताने खुंटा, दुसऱ्या हाताने वैरण घालायची. एकीने ओवी उचलायची, दुसरीने ती घोळवायची. जात्याची घरघर म्हणजे तानपुरा आणि ठेका दोन्ही. प्रेक्षक मात्र कुणी नाही, पहाटेची वेळ, घर झोपलेलं. म्हणूनच दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते ओवीत यायचं. माहेर, भाऊ, नवरा, सासुरवास, देव... सगळं.

आणि हे किती जुनं? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या 12व्या शतकातल्या ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे किमान नऊशे वर्षं ही मैफल चालू होती. एवढ्या काळात रेकॉर्डिंग मात्र शून्य.

विसाव्या शतकात लिखाण सुरू झालं. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये शेकडो ओव्या गोळा केल्या. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीचं मोठं काम उभं केलं. या मंडळींचे उपकार आहेतच. पण कागदावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही. आणि अशा संग्रहांत गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर येतं, जिने ओवी रचली ती बहुतेक वेळा नुसती 'एक स्त्री' राहते.

इथे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांचं काम वेगळं ठरतं. गी मूळचे फ्रान्सचे, नंतर भारताचे नागरिक झाले. पुण्यात संस्था काढून या दोघांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार संगीत-अभ्यासक त्यांना मिळाले. त्यांनी 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं आणि सगळ्याचा डेटाबेस बांधला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं हो! प्रत्येक ओवीला स्वतंत्र क्रमांक, विषयाप्रमाणे वर्गवारी, पुढे गाव, तालुका, जिल्हा. आणि गाणारणीचं नाव.

ही मंडळी 1996 साली माजलगावच्या भीमनगरात आली. ही दलित वस्ती. इथल्या बायकांनी जी ओवी गायली ती बाबासाहेबांची. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला असा मान देत जायची जात्यावरची जुनी रीत आहे. ज्या जागी देव यायचे तिथे या बायकांनी भीमराव, रमाबाई आणि बुद्धाला आणून बसवलं. चाल जुनी, मजकूर नवा. नागपूरचं धर्मांतर 1956 चं. पाठ्यपुस्तक येवो न येवो, भीमनगरच्या जात्यांवर तो इतिहास रचला गेला होता. गाणाऱ्यांत राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाकणखार ही नावं नोंदलेली आहेत. माझ्या लेखी बीड जिल्ह्याचा पहिला अल्बम हाच!

आता थोडी तुलना करू. जड्सचं पहिलं नंबर वन गाणं होतं 'मामा ही'ज क्रेझी'. ते लिहिलं केनी ओडेल यांनी. गायिका वेगळ्या, गीतकार वेगळा, प्रत्येकाचं नाव आणि पैसे ठरलेले. ओवीत मात्र बाई स्वतःच गीतकार, गायिका आणि वर मजूरही. दळण तिचंच. रॉयल्टी म्हणाल तर सकाळची भाकरी.

दुसरा फरक जास्त बोचणारा आहे. जड्सच्या पहिल्या अल्बमनंतर दुसरा आला, तिसरा आला. आमच्याकडे माइक पोचला तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. गिरणी आली हे उत्तमच झालं. पहाटे उठून पायली पायली दळणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारा! जात्याबद्दल गळा काढणाऱ्यांनी एक किलो ज्वारी दळून बघावी, मग बोलू. पण कष्ट गेले तेव्हा दोघींनी समोरासमोर बसायची ती तासाभराची जागाही गेली. नवी ओवी रचायचं कारणच उरलं नाही. त्यामुळे पहिलं रेकॉर्डिंग हेच बऱ्याच जणींचं शेवटचं.

गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. माजलगावच्या ओव्याही तिथे आहेत, गाणारणींच्या नावानिशी.

असो. तुमच्या गावी, नात्यात, जात्यावर बसलेली एखादी बाई अजून असेल. दिवाळीत जाल तेव्हा तिला गायला सांगा, शेजारीण असेल तर तिलाही बोलवा. मोबाइल आहेच हातात. फक्त फाइलला 'आजीचं गाणं' असं नाव देऊ नका. दोघींची पूर्ण नावं लिहा, गाव लिहा, तारीख लिहा.

अल्बमवर नाव लागतं ते असं.