ठिपक्यांची लिपि आणि सर्वांचें यंत्र

दृष्टिहीन मनुष्याच्या हातीं लेखन-वाचनाचें कोणतें साधन द्यावें, हा प्रश्न हल्लीं बहुधा यंत्रांच्या किंमतीवरून चर्चिला जातो. एका बाजूस खास अंधांकरितां घडविलेलें ब्रेल टिपणयंत्र, तर दुसऱ्या बाजूस कचेरींत व शाळेंत सर्वत्र दिसणारा साधा संगणक. यांपैकीं कोणतें पत्करावें याविषयीं जाणत्यांतही एकमत नाहीं. आम्हांस वाटतें कीं, या वादाचें मूळ शोधावयाचें असेल तर दोनशें वर्षें मागें, पॅरिसच्या एका शाळेंत गेलें पाहिजे.

ही शाळा व्हॅलेंटिन हाऊई यांनीं १७८५ सालीं काढली. ते नेहमींचीं रोमन अक्षरेंच जाड कागदावर उठावदार छापून अंध मुलांस वाचावयास देत. अंधांची लिपि डोळसांच्या लिपीहून निराळी असूं नये, हा त्यामागील विचार उदार होता यांत संशय नाहीं. परंतु डोळ्यांसाठीं घडलेलें अक्षर बोटास सहजीं कळत नसे. वाचन अतिशय मंद चाले आणि लेखन तर जवळजवळ अशक्यच होतें. १८१९ सालीं या शाळेंत दाखल झालेल्या लुई ब्रेल यानें शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धति पाहिली, ती सहा ठिपक्यांवर आणिली, आणि १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, बोटाच्या एका स्पर्शांत मावेल अशी लिपि सिद्ध केली. पाटी व टोंचणी घेऊन अंधास ती स्वतः लिहितां येई आणि लिहिलेलें पुन्हां वाचतां येई.

इतकी सोय असूनही डोळस चालकांस ती पटण्यास वेळ लागला. १८४० नंतर कांहीं काळ त्याच शाळेंत या ठिपक्यांस मज्जाव होता. तरी विद्यार्थ्यांनीं त्यांचा अभ्यास सोडला नाहीं. ब्रेल १८५२ सालीं निवर्तला, आणि फ्रान्सनें त्याच्या लिपीस मान्यता दिली ती १८५४ सालीं. अमेरिकेंत तर ठिपक्यांच्याच परस्परविरोधी पद्धतींचें भांडण पुष्कळ वर्षें चाललें. इंग्रजी भाषेपुरती सर्वमान्य अशी ब्रेल १९३२ सालीं ठरली. अंधांची लिपि वेगळी असावी कीं सर्वांचीच असावी, हा वाद असा यंत्रांच्या कितीतरी आधींचा आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानें नवें रूप धारण केलें. १९८० च्या सुमारास व्हर्साब्रेल नांवाच्या यंत्रानें ब्रेल मजकूर कॅसेटच्या फितीवर साठविण्याची व बोटांखालीं वरखालीं होणाऱ्या बारीक खिळ्यांनीं तो वाचण्याची सोय केली. १९८७ सालीं डीन ब्लेझी यांनीं ‘ब्रेल अँड स्पीक’ हें लहानसें टिपणयंत्र काढलें. त्यास पडदा नव्हता. सहा ठिपक्यांच्या सहा कळी व अंतराची सातवी, एवढ्यांवर लिहावयाचें आणि यंत्र तें बोलून दाखवी. विद्यार्थी वर्गांत बसून त्यावर टिपणें घेऊं लागले.

इकडे साध्या संगणकावरही काम चाललें होतें. एका अपघातांत दृष्टि गमावलेले टेड हेंटर यांनीं पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘जॉज’ ही आज्ञावली १९८९ सालीं बाजारांत आणिली. पुढें पडद्यावर शब्दांच्या जागीं चित्रें आलीं, तेव्हां आपल्या हातचें काम जातें कीं काय, अशी धास्ती अनेक अंध नोकरदारांस पडली. त्या नव्या पडद्यासाठीं ‘जॉज’ची आवृत्ति १९९५ सालीं निघाली. २००६ सालीं मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली हातीं घेतली, आणि २००९ च्या आयफोनमध्यें तर वाचून दाखविण्याची सोय मुळांतच बसविलेली होती.

आतां दोहोंचे गुणदोष पाहूं. ब्रेल वाचून दाखविणारें टिपणयंत्र बोटांच्या सोयीनें घडलेलें असतें. परंतु त्याची किंमत हजारों डॉलर, तें बिघडल्यास दुरुस्तीसाठीं एकाच कंपनीचें तोंड पाहावें लागतें, आणि कचेरींतील इतरांच्या आज्ञावल्या त्यावर चालतीलच असें नाहीं. साध्या संगणकावर अंध मनुष्य सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसतो. मात्र तो केवळ बोलका संगणक असेल तर त्यांतही मोठें न्यून राहतें. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द मराठी माणसाच्या कानास बहुधा सारखेच लागतात. त्यांतील भेद अक्षरांतच दिसतो. जो केवळ ऐकतो त्याचें शुद्धलेखन, विरामचिन्हें व गणिताची मांडणी कच्ची राहण्याचा धोका असतो. आणि ज्यास कानही नाहींत त्यास तर बोलकें यंत्र मुकेंच होय. भारतीय भाषांसाठीं निरनिराळ्या ब्रेल पद्धति टाकून १९५१ सालीं एक भारती ब्रेल ठरविण्यांत आली, ती आपल्या मुलांस आपली भाषा अक्षरशः वाचतां यावी म्हणूनच.

सुदैवानें ही निवड आतां पूर्वीइतकी कठोर उरलेली नाहीं. साध्या संगणकास खिळ्यांची ब्रेल-पट्टी जोडतां येते. अशा जोडणीचें एक समान मानक २०१८ सालीं जाहीर झालें. यंत्र सर्वांचें आणि लिपि आपली, असा संयोग त्यामुळें शक्य झाला आहे. ज्यास वर्गांत वा प्रवासांत टिपणयंत्रच सोईचें वाटतें त्यानें तें खुशाल घ्यावें. वापरणाऱ्याच्या बोटांहून अधिक चांगला परीक्षक दुसरा कोण असणार? पण यंत्र बोलतें एवढ्याच कारणास्तव जी शाळा मुलास ब्रेल शिकविण्याचें टाळील, ती १८४० सालच्या त्या चालकांच्याच मार्गानें चालली आहे असें आम्ही म्हणतों. ऐकण्यानें मनुष्य बहुश्रुत होईल, परंतु साक्षर व्हावयास त्याच्या हातीं अक्षर असावें लागतें.