नरसीहून घुमानपर्यंत

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव आणि कयाधूच्या कांठची नरसी हीं एकाच मुलखांतलीं गांवें. या टापूंतून दूर उत्तरेस जाण्याचें आज कोणाच्या मनांत आलें, तर तो प्रथम आगगाडीचें वेळापत्रक पाहील. सुमारें सातशें वर्षांपूर्वीं नामदेवांच्या मनांत तो विषय आला तेव्हां वेळापत्रक नव्हतें; पण बेत मात्र होता, आणि त्याची हकीकत आपल्या वाङ्मयांत राहिली आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा नरसीचें नांव घेते. कांहीं विद्वान पंढरपुराचा पक्ष धरतात. विसोबा खेचर हे गुरु त्यांना येथून जवळच्या औंढ्या नागनाथास भेटले, असें परंपरा सांगते.

नामदेवांच्या नांवावरील तीर्थावळीच्या अभंगांत या बेताचें वर्णन आहे. तीर्थें पाहण्याची इच्छा ज्ञानदेवांची. ते नामदेवांच्या घरीं येऊन सोबत मागतात. नामदेव मोठ्या संकटांत पडतात. सर्व कांहीं पंढरींत असतां हिंडावें कशाला, हा त्यांचा प्रश्न. शिवाय देवाची अनुज्ञा हवी. अखेर विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो. पुढें काशी, द्वारका आदि क्षेत्रें येतात, परत आल्यावर पंढरींत थाटाचें मावंदें होतें. प्रवास अर्धा झाला तरी ज्याचें मन घरीं गुंतलेलें आहे अशा प्रवाशाचें इतकें जिवंत चित्र जुन्या मराठींत क्वचितच सांपडेल.

घर तरी कसें? आई गोणाई, पत्नी राजाई, चार पुत्र, सुना आणि जनाबाई. मिळवता पुरुष देवाच्या नादीं लागला, आतां चूल कशानें पेटवावी, अशी या दोघी स्त्रियांची तक्रार अभंगांत वारंवार उमटते. संतचरित्रें ती विनोदाच्या सुरांत सांगतात. परंतु तक्रार खरी होती. दूरच्या प्रवासाचा खर्च केवळ प्रवासी सोसतो असें नाहीं.

ज्ञानदेवांनीं 1296 मध्यें आळंदीस समाधि घेतली. त्याच वर्षीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर धाड घातली, आणि दख्खनचें चित्र पालटूं लागलें. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानें देवगिरीचें दौलताबाद करून तेथें राजधानी हलविली. दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता दुतर्फा झाडांनीं सुशोभित होता व त्यावर डाकेचीं ठाणीं होतीं, असें इब्न बतूता लिहितो. राजाज्ञेनें त्या वाटेवर शेंकडों कुटुंबें फरफटत दक्षिणेस आलीं. परंपरेच्या हिशेबानें पाहतां याच काळाच्या आसपास नामदेव उलट दिशेनें, स्वेच्छेनें उत्तरेस गेले. नरसीपासून पंजाबांतील घुमान दीड हजार किलोमीटरांहून कमी नाहीं. दिवसाला पांच कोस चालणाऱ्यास शंभर दिवस लागावेत.

या दुसऱ्या प्रवासाचा बेत कोठेंच लिहिलेला नाहीं. पहिल्या वेळीं नामदेव तीर्थें पाहावयास गेले होते. या वेळीं ते जेथें राहिले तें तीर्थ नव्हतेंच. गुरुदासपूर जिल्ह्यांत त्यांनीं रानांत वस्ती केली, भोंवतीं माणसें जमलीं आणि घुमान गांव वसलें, असें तेथील लोक सांगतात. बहोरदास, जल्लो, लद्धा हीं तेथील शिष्यांचीं नांवें. परक्या लोकांत वर्षानुवर्षें राहावयाचें तर त्यांची भाषा बोलली पाहिजे. नामदेवांनीं ती बोलली. 1604 मध्यें गुरु अर्जुनदेवांनीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत त्यांचीं 61 पदें आहेत.

तीं पदें याच नामदेवांचीं कशावरून, अशी शंका विद्वानांनीं घेतली आहे, व ती अगदींच पोकळ नाहीं. मधें अडीचशें वर्षें गेलीं, आणि नामा या नांवानें पुढेंही कवि झाले. तथापि त्या पदांत बीठल आहे, कवि स्वतःस छीपा म्हणवितो, कांहीं रूपें मराठी वळणाचीं आहेत, आणि हाकलून दिलेल्या भक्ताकडे देऊळ फिरल्याची कथा आहे. ही शेवटची साक्ष सर्वांत बोलकी. कारण महाराष्ट्रांतील परंपरा तीच कथा औंढ्याच्या देवळाविषयीं सांगते. पंजाबी श्रोत्यांसमोर गाणाऱ्याच्या तोंडीं औंढ्याची आठवण यावी, हा योगायोग मानणें कठीण आहे.

एप्रिल 2015 मध्यें अठ्ठ्याऐंशीवें मराठी साहित्यसंमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखालीं घुमान येथेंच भरलें. तिकिटें, मुक्काम, जेवण यांची चर्चा महाराष्ट्रांत महिनोन्‌महिने चालली होती. घुमानांत माघाच्या आरंभीं नामदेवांची जत्रा भरते, आणि त्यांचा देह तेथेंच पडला अशी तेथील श्रद्धा आहे. पंढरपुरांत शके 1272 ची आषाढ वद्य त्रयोदशी हा त्यांच्या समाधीचा दिवस मानतात, आणि नामदेव पायरीवर वारकरी पाय ठेवीत नाहीं.