सिंकोनाच्या सालीतून क्विनीन : एक तळटीप
१७. क्विनीन काढण्याची कृती लेखकाने एका ओळीत उरकली आहे, म्हणून हा खुलासा. सिंकोनाच्या सालीत क्विनीन सुटे नसते, सालीतल्याच आम्लांशी बांधलेले असते. सालीची पूड भिजवलेल्या चुन्यात कालवली की ते मोकळे होते. असे मोकळे क्विनीन पाण्यात जेमतेम विरघळते. गरम तेलात किंवा टोल्युइनसारख्या द्रावकात मात्र सहज उतरते. मग त्या द्रावकात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून घुसळायचे. क्विनीन आम्लारिधर्मी, आम्लाशी त्याचा क्षार बनतो आणि तो खालच्या, पाण्याच्या थरात येतो. मेण आणि चिकट घाण वर तेलातच राहते. घुसळताना जोर केला तर दोन्ही थरांचे दुधट मिश्रण होते आणि ते फाटेपर्यंत ताटकळावे लागते! पाण्याचा थर वेगळा काढून त्यातले आम्ल जवळजवळ मारले की क्विनीन सल्फेटचे रेशमी, सुईसारखे स्फटिक पडतात. सिंकोनिनसारखी भावंडे बरीचशी पाण्यातच राहतात, कारण त्यांची सल्फेटे अधिक विरघळतात. पेल्त्ये व काव्हाँतू यांनी १८२० साली पॅरिसमध्ये क्विनीन वेगळे केले, तेव्हा अर्क अल्कोहोलने काढला होता. आम्ल आणि अल्कलीची आलटापालट तीच. — संपा.