अल्बम कुणाचा?

अकोल्याच्या आमच्या जुन्या घरी पत्र्याच्या पेटीत काळ्या पानांचा एक अल्बम होता. सगळे त्याला 'अब्बांचा अल्बम' म्हणत. फोटो निवडले अम्मीने, कागदी कोपरे चिकटवून बसवले अम्मीने आणि कोण कुणाचा कोण हे पांढऱ्या पेन्सिलीने उर्दूत लिहिले तेही तिनेच. कॅमेरा मात्र अब्बांचा! बायकांनी केलेल्या छायाचित्रांच्या पुस्तकांविषयी वाचू लागलो तेव्हा कळले, ही गोष्ट आमच्या घरापुरती नाही.

छायाचित्रांचे पहिले पुस्तक बाईनेच केले. इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशेवाळांची चित्रे काढली, तीही कॅमेऱ्याशिवाय. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचे, उन्हात धरायचे, मग पाण्यात धुवायचे. ऊन लागले तिथे कागद निळा, झाकलेली जागा पांढरी. इंजिनियर लोकांची 'ब्लू प्रिंट' पुढे याच रीतीने निघाली. दहा वर्षे बाई या पुस्तकाचे भाग काढत होत्या. नावाच्या जागी फक्त 'ए. ए.' ही अक्षरे. पुढे एका जाणकाराने त्यांचा अर्थ 'कुणी अनामिक हौशी' असा लावला! टॅल्बट यांचे पुस्तक १८४४ मध्ये निघू लागले, तरी पहिलेपणाचा मान बराच काळ त्यांनाच मिळाला.

आपल्या मुलखाकडे येऊ. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला, तरी मुलूख नावाने निजामाचाच होता. त्याच निजामाच्या हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो बाईने काढावेत म्हणून तो मिसेस केनी-लेविक यांच्याकडे दिला. फोटो हराम की हलाल, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. पडदा सांभाळून फोटो काढून घेणाऱ्या या बायका मात्र त्या वादात कुणाला आठवत नाहीत. स्टुडिओ ओळखला गेला तो दीनदयाळांच्याच नावाने.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवले. सबीना गडिहोके यांनी त्यांच्यावर मोठे पुस्तक केले ते २००६ मध्ये. तोवर होमाईंनी नव्वदी ओलांडली होती.

दयानिता सिंग यांची गोष्ट वेगळी. विद्यार्थिनी असताना झाकिर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढायला त्यांना आयोजकांनी अडवले. त्यांनी थेट उस्तादांकडेच तक्रार केली. पुढे सहा हिवाळे त्यांच्याबरोबर हिंडून १९८६ मध्ये 'झाकिर हुसेन' हे पुस्तक काढले. २००१ मध्ये आले 'मायसेल्फ मोना अहमद'. मोना दिल्लीतल्या कब्रस्तानात राहणारी हिजडा. पुस्तकाचा मजकूर खुद्द मोनाने प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेलचा. ज्याचा फोटो त्याचीच जबान, हा न्याय मला फार मोलाचा वाटतो. आपल्या वस्त्यांचे फोटो छापणारे किती जण आपल्याला बोलू देतात?

मुंबईच्या केतकी शेठ यांनी २०१३ मध्ये सिद्दींवर पुस्तक केले. सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचा किल्ला आठवतो, नवाब आठवतात. शेठ यांच्या पुस्तकात गुजरातेतले साधे सिद्दी आहेत. अशी पुस्तके महाग, बहुतेक इंग्रजीत. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत मला तरी ती दिसली नाहीत.

आपल्या घरांतले अल्बम मात्र आपल्या हातात आहेत. अमरावती, अचलपूर, बाळापूर, कुठेही असोत, पेट्यांतून ते बाहेर काढा. कुणी जमवले, कुणी चिकटवले, हे घरातल्या बुजुर्ग बायकांना विचारा आणि त्यांची नावे पहिल्या पानावर लिहा. सुट्या फोटोमागे लिहिताना मऊ पेन्सिलच घ्या, शाई पुढच्या बाजूला उतरते. आमच्या अल्बमवर मी हे काम उशिरा केले. अम्मी तेव्हा हयात नव्हती.