पिस्तुलाची नळी का झुकते?

संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदुकीचे उदाहरण हमखास येते. गोळी पुढे, बंदूक मागे, एक गणित, आणि धडा संपतो. आमच्या मते खरी मौज त्यापुढे आहे. मागे येणाऱ्या धक्क्याकडूनच बंदूक पुन्हा भरून घेता येते, हे हायरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास मशीनगनमध्ये दाखवले. तेच हातात मावणाऱ्या पिस्तुलात साधायचे होते.

अडचण होती ती वेळेची. गोळी नळीत असतानाच मागचे तोंड उघडले, तर वायूचा दाब काडतुसाची पितळी पुंगळी फोडतो, आणि तीही नेमबाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. तेव्हा तोंड घट्ट बंद हवे, आणि गोळी बाहेर पडताच आपोआप उघडायलाही हवे.

ह्यूगो बोर्शार्टने १८९३ साली मॅक्सिमचाच गुडघ्यासारखा सांधा घेतला. ताठ पाय अंगाचा सारा भार पेलतो, पण गुडघ्याच्या मागे हलकी टिचकी मारली की दुमडतो. खोडकर मुलांना हे यंत्रशास्त्र न शिकताच ठाऊक असते. गेओर्ग लुगरने हे अवजड पिस्तूल आटोपशीर केले आणि १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने ते स्वीकारले. यंत्र देखणे, पण नाजूक. चिखल आणि कमी ताकदीचे काडतूस त्याला सोसत नसे.

अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने वेगळा विचार केला. नळीच्या पाठीवरचे कंगोरे वरच्या सरकत्या भागातील खाचांत अडकवायचे. दोन्ही जोडीने मागे येतात. मग एक दुवा नळीला खाली ओढतो, कंगोरे सुटतात, नळी थांबते आणि वरचा भाग एकटाच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. परतताना तो नवे काडतूस आत ढकलतो.

दुवा केव्हा ओढणार? वर्गात करता येईल असे हे गणित आहे. गोळी १५ ग्रॅम, मागे येणारे भाग मिळून अर्धा किलो धरू. गुणोत्तर सुमारे १:३३. गोळी १० सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत मागचे भाग जेमतेम ३ मिलिमीटर सरकतात. (दारूचे वस्तुमान आणि स्प्रिंगचा जोर सोडून दिला आहे.) म्हणजे वेळ मोजायला नकोच, अंतर नेमके राखले की पुरे!

१९०० च्या नमुन्यात नळीला पुढे-मागे दोन दुवे होते. पुढची पाचर निसटली तर सरकता भाग थेट नेमबाजाच्या तोंडावर येण्याची भीती होती. पुढे ब्राउनिंगने एकच मागचा दुवा ठेवला. नळी समांतर न उतरता तिरकी झुकू लागली. १९११ च्या चाचणीत या पिस्तुलाने ६००० फैरी न अडखळता झाडल्या.

ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला. त्याचे अपुरे काम द्यूदोने सेव्हने पुरे केले. १९३५ च्या त्या पिस्तुलात दुवाही उरला नाही. नळीखालच्या तिरप्या खाचेनेच ती खाली येते. भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच घराण्यातले.