मोडके नाक आणि दोन नळ्या

सुश्रुत म्हटले की आपल्याला कापलेले नाक नव्याने घडवणारा वैद्य आठवतो. पण त्याच्या संहितेत, चिकित्सास्थानात, मोडलेल्या नाकाचाही उपाय आहे. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. नाक खाली बसले किंवा वाकडे झाले असेल, तर शलाकेने सरळ करावे, दोन्ही नाकपुड्यांत दुतोंडी नळ्या घालाव्यात, वरून पट्टा बांधावा आणि तुपाचे सिंचन करावे. बस्स, एवढेच!

इजिप्तचा एक पपायरस एडविन स्मिथने १८६२ साली लक्सरला विकत घेतला. ती नक्कल इसवीसनपूर्व १६०० च्या सुमाराची. त्यातही हाड जागेवर बसवायला सांगितले आहे. मात्र नाकपुड्यांत चरबीत भिजवलेले कापडाचे बोळे. बोळ्याने हाडाला आधार मिळतो खरा, पण श्वास घ्यायचा तोंडाने. नाक चोंदल्यावर एक रात्र काढणे किती जड जाते, हे सर्दी झालेल्या कुणालाही विचारा. सुश्रुताच्या नळीतून वारा खेळता राही.

आजही सूज असेल तर डॉक्टर काही दिवस थांबतात, पण हाड वाकडे जुळण्याआधी ते बसवतात. वरून आठवडाभर कडक पट्टी असते. आत आधार लागलाच, तर श्वासासाठी नळी ठेवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्याही मिळतात.