गहाणखतांतील चुका आणि त्यांतून घडलेले कायदे

तारणी कर्जाचा दस्त, म्हणजे कर्जफेडीची हमी म्हणून जमीन किंवा घर गहाण टाकल्याचा लेख, एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत दख्खनच्या खेड्यांत बहुधा सावकाराच्या घरीच मोडीत लिहिला जाई आणि सही-निशाणी होताच त्याच्याच दप्तरात जाऊन पडे. दस्त लिहिणे, तो जपणे आणि त्यापोटी आलेली वसुली मांडणे ही तिन्ही कामे एकाच पक्षाच्या हाती असल्याने निरक्षर कुळाला आपण कशावर अंगठा उठवला हे ताडून पाहण्याची सोय नव्हती, आणि चूक कोठे संपते व लबाडी कोठे सुरू होते हे न्यायालयालाही सहसा ठरवता येत नसे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने, म्हणजे ठरावीक काळ उलटल्यावर दावा लावता येणार नाही असे सांगणाऱ्या कायद्याने, या स्थितीत भरच घातली. नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करणे भाग पडल्यामुळे मुदत संपत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली, आणि जुना रोखा कुळाला परत मिळाला की दप्तरातच राहिला याकडे पाहणारा कोणी नव्हता. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेला नियम त्याच्याच गळ्याशी आला तो असा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही पसरला, तेव्हा जमावाचा रोख मुख्यतः रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे यांवर होता. कागद मुकाट्याने हवाली झाले तेथे मारहाणीची वेळ बहुधा आली नाही. या उठावाकडे केवळ दंगल म्हणून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही, कारण लोक जाळत होते तो एकतर्फी लिहिलेला पुरावा होता.

या उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. दामदुपटीची मर्यादा, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक न होऊ देण्याचा जुना दंडक, त्यात आहे म्हणून त्याची आठवण काढली जाते. परंतु कागदपत्रांच्या इतिहासात त्यातील ग्राम-निबंधकाची तरतूद अधिक मोलाची आहे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त या अधिकाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, मोबदल्याची रक्कम व स्वरूप त्यात स्पष्ट यावे, नवा दस्त जुन्याच्या जागी येत असेल तर जुना समोर आणून त्यावर ओळखीची खूण करावी, आणि मूळ प्रत हक्कदाराला देताना दुसऱ्या पक्षाला प्रमाणित नक्कल द्यावी, अशी ती व्यवस्था होती. शिवाय फेडीची पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला. सावकारांनी यातूनही वाट काढली व गहाणाऐवजी नावापुरते खरेदीखत करून घेण्याचा प्रघात वाढला, तरी कागदाची एक प्रत ऋणकोपाशीही असावी हे तत्त्व कायद्यात कायमचे शिरले.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्याहून अधिक रकमेच्या लेखी गहाणास नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक केले, पण साक्ष म्हणजे नेमके काय हे सांगितले नाही. सही होताना हजर नसलेल्या, केवळ करून देणाराच्या कबुलीवर साक्ष घालणाऱ्या माणसाची साक्ष पुरेशी नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९१२ मध्ये मद्रास इलाख्यातील एका प्रकरणात दिला, आणि तशा रीतीने साक्षांकित झालेली गहाणखते संशयात सापडली. अखेर १९२६ मध्ये साक्षीची व्याख्याच कायद्यात घालून करून देणाराच्या कबुलीवरील साक्षही ग्राह्य धरण्यात आली; एका शब्दाची व्याख्या राहून गेल्याचा हा परिणाम चव्वेचाळीस वर्षांनी निस्तरला.

महाराष्ट्रात मिळकतीच्या वर्णनाने वेगळाच घोळ घातला. चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांना कोणाची जमीन आहे हे सांगून मिळकत ओळखण्याची पद्धत, भूमापनानंतर सर्व्हे नंबराच्या जोडीने चालू राहिली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये ज्या गावांत योजना राबवली गेली तेथे गट नंबर आले, आणि जुन्या दस्तातील सर्व्हे नंबर व सातबाऱ्यावरील गट नंबर यांचा मेळ घालणे हे तारण तपासणाऱ्या वकिलाचे पहिले काम होऊन बसले. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढला किंवा नाही आणि कर्ज फिटल्यावर तो उतरला किंवा नाही, हे फेरफार पाहून ताडणेही त्याचाच भाग होय.

मुंबईसारख्या शहरांत केवळ मूळ हक्कलेख धनकोच्या स्वाधीन करूनही गहाण होऊ शकत असे, त्यामुळे एकाच मिळकतीवर दोनदा कर्ज उचलण्यास वाव राहिला, आणि असे प्रकार रोखण्यासाठी ३१ मार्च २०११ पासून तारण हक्कांची केंद्रीय नोंदणी सुरू झाली. दस्त परत करण्याचा प्रश्न मात्र १८७५ नंतरही दीर्घकाळ रेंगाळला. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करून बोजा उतरवणे बंधनकारक आहे, आणि धनकोच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.